जिंकलेल्या डावाचा दोष

एखाद्या कृत्याचें बरेंवाईटपण तें करतांना कर्त्याच्या मनांत काय होतें व त्याला काय ठाऊक होतें यावरून ठरवावें, कीं त्या कृत्यांतून पुढें जें निष्पन्न झालें त्यावरून ठरवावें, हा नीतिशास्त्रांतला फार जुना प्रश्न आहे. महाविद्यालयांत तो शिकवितांना आम्हांस कधीं अडचण पडली नाहीं. कांटचें मत एका बाजूस मांडावें, मिलचें दुसऱ्या बाजूस मांडावें, दोहोंचे गुणदोष सांगावे आणि घंटा झाली म्हणजे खडू खालीं ठेवावा, असा आमचा क्रम. परंतु दहाबारा वर्षांपूर्वीं, फेब्रुवारीच्या एका रविवारीं, हाच प्रश्न महालक्ष्मीच्या शर्यतींच्या मैदानावर आमच्यापुढें हात पसरून उभा राहिला, आणि त्या वेळीं घंटा होऊन सुटका होण्याची सोय नव्हती. त्या दिवसाची हकीकत सांगावी आणि तींतून निघणारा विचार वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आमचे एक स्नेही पुण्यास राहतात. पेशानें ते हिशेबतपासनीस. दुसऱ्याच्या वहींतली एका रुपयाची चूक त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. असा हा काटेकोर गृहस्थ घोड्यांच्या बाबतींत मात्र अगदीं निराळा. इंडियन डर्बी ही शर्यत प्रथम १९४३ सालीं झाली आणि त्या वर्षीं बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ ही घोडी एडगर ब्रिट या जॉकीनें जिंकून दिली, हें त्यांस स्वतःच्या लग्नाच्या तिथीपेक्षां अधिक चांगलें पाठ आहे. चार वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत २४०० मीटरांची, म्हणजे सारें अडीच मिनिटांचें काम. पण त्या अडीच मिनिटांसाठीं स्नेही वर्षभर टांचणें करीत. कोणत्या घोड्याचा बाप कोण, आई कोण, ओल्या मैदानावर कोण चालतो, कोणत्या जॉकीचा हात शेवटच्या वळणावर सैल पडतो, हें सारें त्यांच्या एका निळ्या वहींत बारीक अक्षरांत लिहिलेलें असे.

त्या वर्षीं आम्हीही बरोबर गेलों. एक तर आम्हीं शर्यती कधीं पाहिल्या नव्हत्या. शिवाय वहिनींनीं, म्हणजे स्नेह्यांच्या पत्नीनें, आम्हांस मुद्दाम सांगितलें होतें, “भावजी, तुम्ही बरोबर असलांत म्हणजे मला घोर नाहीं.” घोर वाटण्यास कारण होतें. स्नेह्यांची धाकटी बहीण गिरगांवांत राहते. आईच्या दुखण्यांत तिनें जो खर्च केला होता त्यांतला स्नेह्यांचा वाटा, चाळीस हजार रुपये, त्याच रात्रीं तिला रोख पोंचवायचा होता. निघतांना स्नेह्यांनीं खेळण्यासाठीं दहा हजार रुपये आपल्या खिशांत ठेवले, आणि चाळीस हजारांचें पाकीट वहिनींच्या समक्ष आमच्या हातीं दिलें. म्हणाले, “प्रोफेसर, हें तुमच्यापाशीं ठेवा. मी मागितलें तरी देऊं नका.” आम्हीं होकार दिला. सकाळच्या थंड वेळीं वचन देणें फार सोपें असतें.

प्रवासाची सारी व्यवस्था स्नेह्यांनींच केली होती. ‘डेक्कन क्वीन’ ही गाडी १९३० सालीं सुरू झाली. तिच्या आरंभीच्या दिवसांचा पुण्याच्या रेसशीं किती निकट संबंध होता, हें ते आम्हांस स्टेशनावर मोठ्या हौसेनें सांगत होते. आम्ही डब्यांत शिरलों तों आमच्या जागांवर एक वृद्ध जोडपें बसलेलें. स्नेह्यांनीं तिकिटें पुढें केलीं. त्या वृद्ध गृहस्थांनीं चष्मा सांवरून तीं वाचलीं आणि अतिशय नम्रपणें सांगितलें कीं, तिकिटें बरोबर आहेत, परंतु पुढच्या रविवारचीं आहेत. तीन पिढ्यांच्या घोड्यांचे जन्मदिवस ज्यांस पाठ, त्यांस आपल्या प्रवासाची तारीख पाहण्यास वेळ मिळाला नव्हता.

आम्ही गाडींतून उतरलों आणि बस गांठली. खंडाळ्याच्या घाटांत एक मालमोटार उलटलेली होती. तेथें पावणेदोन तास गेले. दादरला उतरून लोकल धरावी म्हटलें, तों दुरुस्तीसाठीं रूळ बंद. तशी सूचना आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रांत छापून आली होती. पण स्नेह्यांनीं त्या वर्तमानपत्राचें शर्यतींचें पान तेवढें वाचलें होतें. शेवटीं टॅक्सी करून आम्ही मैदानावर पोंचलों तेव्हां तिसऱ्या शर्यतींतले घोडे परत येत होते.

येथपर्यंतची गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी आहे. खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते. स्नेह्यांनीं लागलेल्या घोड्यांचे आंकडे पाहिले, निळी वही उघडली, आणि कपाळावर हात मारला. हुकलेल्या तीन शर्यतींपैकीं दुसऱ्या शर्यतींत त्यांच्या वहींतला घोडा जिंकला होता. दोन हजार लावायचे होते, पांच हजार हातीं आले असते. “तीन हजार बुडाले!” असें ते पुनःपुन्हां म्हणूं लागले. आम्हीं वही त्यांच्या हातांतून घेतली. पहिल्या आणि तिसऱ्या शर्यतींसाठीं त्यांनीं निवडलेले घोडे हरले होते. त्यांवरही प्रत्येकीं दोन हजार लावायचे होते. म्हणजे वेळेवर पोंचते तर तीन हजार मिळते, चार हजार जाते, आणि एकंदरींत एक हजाराची खोट येती. उशिरानें त्यांचे हजार रुपये वांचविले होते! हिशेबतपासनिसास आम्हीं हा हिशेब दाखविला. त्यांनीं तो ऐकला, मान हालविली, आणि पुन्हां म्हणाले, “पण तो दुसरा घोडा लागला होता हो!”

सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें पास्कल या तत्त्वज्ञापुढें एक प्रश्न आला होता. दोघे खेळत असतां खेळ मध्येंच मोडला, तर पणाची रक्कम दोघांत कशी वांटावी? १६५४ सालीं पास्कल आणि फर्मा यांचा या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला आणि त्यांतून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. त्यांच्या उत्तराचें मर्म असें कीं, खेळ पुढें चालला असता तर काय काय घडूं शकलें असतें, त्या साऱ्या शक्यता सारख्याच प्रामाणिकपणें मोजाव्या आणि त्या प्रमाणांत वांटणी करावी. आमच्या स्नेह्यांचाही खेळ मध्येंच मोडला होता, किंबहुना तो सुरूच झाला नव्हता. पण त्यांनीं मोजलेली शक्यता एकच, आपल्या लाभाची. न मिळालेला लाभ त्यांनीं आपल्या मालकीचा मानला. न झालेली हानि मात्र कोणाचीच नव्हती. यांत ते एकटेच दोषी आहेत असें नाहीं. हुकलेली नोकरी, मोडलेलें लग्न, न घेतलेली जमीन यांचे हिशेब आपण सारे याच वहींत मांडीत असतों.

परंतु या काल्पनिक हानीचा एक खरा परिणाम होतो: ती भरून काढावीशी वाटते. पुढील शर्यतींत स्नेही वहीबाहेर जाऊन खेळूं लागले. दोन हजारांच्या जागीं तीन हजार, तीनांच्या जागीं चार. हरले कीं म्हणत, “सकाळपासून दिवसच वाईट आहे.” मध्यें एकदां थोडे पैसे परत आले तेव्हां म्हणाले, “पाहिलेंत? अभ्यास फुकट जात नाहीं. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलेंच आहे.” न्यायालयाचा निर्णय त्यांनीं बरोबर सांगितला. मात्र जिंकणें तेवढें कौशल्याकडे आणि हरणें तेवढें दैवाकडे, अशी वांटणी कोणत्याही न्यायालयानें केलेली नाहीं. शिवाय टोटाची पद्धतच अशी कीं, खेळणाऱ्या साऱ्यांचे पैसे एकत्र करावे, त्यांतून कर आणि खर्च काढून घ्यावा, आणि उरलेलें जिंकणाऱ्यांत वांटावें. ही युक्ति एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या जोसेफ ओलेर यानें काढली. तींत एकाचें कौशल्य दुसऱ्याच्या अकौशल्यावर पोसतें, आणि सारे मिळून दर वेळीं थोडे थोडे हरतच असतात. हेंही स्नेह्यांस ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि उपयोगीं पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

डर्बीची वेळ आली तेव्हां त्यांच्या खिशांत टॅक्सीपुरतेही पैसे नव्हते. घोडे पॅडॉकांत फिरत होते. सात नंबरचा तपकिरी घोडा निळ्या वहींत गेले सहा महिने अधोरेखित होऊन राहिला होता. स्नेही आमच्याकडे वळले आणि म्हणाले, “प्रोफेसर, पाकीट द्या.”

आम्हीं सकाळच्या वचनाची आठवण दिली. ते म्हणाले, “तें वचन मींच मागितलें होतें, मीच तुम्हांला त्यांतून मोकळें करतों. पैसे माझे आहेत. सकाळीं मला काय ठाऊक होतें? आतां मी घोडा डोळ्यांनीं पाहिला आहे.” वाचकहो, हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाहीं. सकाळच्या मनुष्यानें संध्याकाळच्या मनुष्यास बांधून ठेवावें, असा अधिकार त्याला कोणी दिला? परंतु प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागांत सॉक्रेटिस हा प्रश्न सोडवून ठेवतो. मित्रानें शुद्धीवर असतां आपल्याजवळ शस्त्र ठेवावयास दिलें आणि वेड लागल्यावर परत मागितलें, तर तें परत करणें न्याय नव्हे. हें आम्ही वीस वर्षें शिकवीत आलों होतों. शिवाय त्या पैशांवर स्नेह्यांच्या बहिणीचा हक्क होता. ते नांवापुरतेच त्यांचे होते. आम्हांस सारें स्पष्ट दिसत होतें.

आणि आम्हीं पाकीट दिलें.

कां दिलें, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. स्नेही मोठ्यानें बोलत होते आणि लोक वळून पाहत होते, हें एक कारण. चाळीस वर्षांच्या स्नेह्याशीं चारचौघांत झोंबाझोंबी करावी कीं काय, असें वाटलें, हें दुसरें. आणि खरें बोलायचें तर, तो तपकिरी घोडा आम्हांसही आवडला होता. या तीन कारणांपैकीं एकही कारण आमच्या विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत लिहिलें असतें तर आम्हीं त्यास गुण दिले नसते.

तीं अडीच मिनिटें आम्ही विसरणार नाहीं. घोडे दिसत होते, लोक ओरडत होते, पण आमच्या डोळ्यांपुढें गिरगांवांतला एक जिना होता आणि त्याच्या वरच्या टोंकाशीं दार उघडून उभी असलेली एक बाई होती. तिला काय सांगावें याचीं वाक्यें आम्ही मनांत जुळवीत होतों. तेवढ्यांत स्नेह्यांनीं आमच्या गळ्याला मिठी घातली. सात नंबर मानेएवढ्या अंतरानें जिंकला होता. चाळीस हजारांचे एक लाख झाले.

त्या रात्रीं गिरगांवांत श्रीखंडाचें जेवण झालें. बहिणीस तिचे पैसे मिळाले, वर एक साडी मिळाली. पुण्यास परतल्यावर वहिनींनींही आम्हांस चहास बोलाविलें. “भावजी, तुम्हीं ऐन वेळीं पैसे दिलेत म्हणून हो!” असें त्या कौतुकानें म्हणाल्या. ज्या पैशांचें रक्षण करण्यास त्यांनीं आम्हांस पाठविलें होतें, ते पैसे आम्हीं राखले नाहींत, याचा त्यांनाही विसर पडला होता. आम्हीं चहा घेतला. वचनभंगाबद्दल इतका सत्कार आमचा पूर्वीं कधीं झाला नव्हता.

पुढें कांहीं दिवसांनीं वनपर्वांतलें नलोपाख्यान पुन्हां वाचण्याचा योग आला. घोडे, द्यूत आणि घाईचा प्रवास हीं तिन्ही ज्या एका कथेंत एकत्र आलीं आहेत अशी ही कथा आहे, आणि तींतलें नल-दमयंतीचें पुनर्मीलन आपल्या विदर्भांत होतें. दमयंतीच्या स्वयंवरासाठीं ऋतुपर्ण राजा एका दिवसांत शंभर योजनें तोडून कुंडिनपुरास निघतो, आणि पोंचल्यावर पाहतो तों तेथें स्वयंवरच नाहीं! बाहुकाच्या वेषांतला नल त्याचा सारथि. वाटेंत राजाचें उत्तरीय उडून पडतें. तो रथ थांबविण्यास सांगतो, तेव्हां नल उत्तर देतो कीं, तें आतां एक योजन मागें राहिलें, परत आणतां येणार नाहीं. आमच्या स्नेह्यांचें उत्तरीय दुसऱ्या शर्यतींत पडलें होतें, आणि तें उचलण्यासाठीं ते दिवसभर मागें धांवत राहिले. पुढें बेहड्याच्या झाडाखालीं ऋतुपर्ण नजरेनें फळें मोजून दाखवितो आणि नलास अक्षहृदय, म्हणजे फांशांची विद्या, देतो. ती येतांच कलि नलाच्या देहांतून निघून जातो.

परंतु या वेळीं आमचें लक्ष एका निराळ्याच स्थळीं थांबलें. राज्य परत मिळविण्यासाठीं नल पुष्कराशीं पुन्हां खेळतो, तेव्हां तो पणास काय लावतो? मिळविलेलें द्रव्य आणि दमयंती! पहिल्या द्यूतांत, सर्वस्व गेलें असतांही, जें करण्यास तो धजला नव्हता, तें तो येथें करतो. आणि एका डावांत जिंकतो. ही कथा बृहदश्व ऋषि सांगतो ती युधिष्ठिरास, ज्यानें द्रौपदी पणास लावली आणि जो हरला. पत्नी पणास लावल्याबद्दल युधिष्ठिरास आजवर कोणी क्षमा केलेली नाहीं. नलाला कोणी विचारलेंसुद्धां नाहीं. एकच कृत्य, एकाच्या मार्गें द्रौपदीची विटंबना आली, दुसऱ्याच्या मार्गें राज्य आलें, म्हणून एकाचा दोष युगेंयुगें टिकला आणि दुसऱ्याचा दिसेनासा झाला.

कोणी म्हणेल कीं, नलाजवळ आतां विद्या होती, युधिष्ठिराजवळ ती नव्हती. हा आक्षेप योग्य आहे, आणि तो आमच्याच बाजूचा आहे. कारण तो परिणामाकडे न पाहतां, डाव टाकतेवेळीं कर्त्याजवळ काय होतें तें पाहतो. त्या मापानें नलाचें धाडस युधिष्ठिराच्या धाडसाइतकें आंधळें नव्हतें, हें कबूल. तरीपण दमयंती ही पणास लावण्याची वस्तु होती काय, हा प्रश्न विद्येनें सुटत नाहीं. आणि आम्हांजवळ तर विद्याही नव्हती. होता तो फक्त घोड्याचा तपकिरी रंग.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनीं १९७६ सालीं तो नीट मांडला. दोन मोटारवाले सारख्याच बेफिकिरीनें गाडी हांकतात. एकाच्या वाटेंत मूल येतें, दुसऱ्याच्या वाटेंत येत नाहीं. दोघांची बेफिकिरी सारखी असूनही आपण त्यांस सारखें लेखूं शकतों काय? नाहीं लेखूं शकत. आणि ज्याच्या हातून मूल गेलें त्यानें ‘माझी चूक त्या दुसऱ्याइतकीच’ असें म्हणून स्वस्थ बसावें, हेंही कोणास रुचणार नाहीं. म्हणजे परिणामास वजन आहे. तें नाकारून नीतिशास्त्र सोपें करण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. ज्याच्या कृत्यानें हानि झाली त्याच्यावर भरपाईचें, सांत्वनाचें, जन्मभराच्या स्मरणाचें ऋण येतें. दुसऱ्यावर तें येत नाहीं.

परंतु ऋण आलें नाहीं म्हणजे दोषही आला नाहीं, असें मात्र होत नाहीं; आणि आपली फसगत होते ती येथेंच. डाव हरला कीं दोष दाखविण्यास सारें जग धांवून येतें. बहीण रडते, पत्नी बोलते, सावकार दारीं बसतो. हरलेल्या मनुष्यास आपली चूक विसरतां येत नाहीं. डाव जिंकला म्हणजे दोष दाखविणारा कोणी उरत नाहीं, उलट लोक चहास बोलावतात. तेव्हां जिंकलेल्या डावाचा न्याय करणारा एकच न्यायाधीश शिल्लक राहतो, आणि तोच त्या डावांतला आरोपी असतो. त्यानें स्वतःस सोडून दिलें कीं खटला संपला. अनुभव मनुष्यास शहाणें करतो असें आपण म्हणतों. पण सुदैवाचा अनुभव त्याला बहुधा वेडें करतो, कारण तो चुकीच्या मार्गास बरोबर असल्याची ग्वाही देतो.

याचें प्रत्यंतर फार दूर नव्हतें. पुढच्या वर्षीं स्नेही डर्बीस एकटेच गेले. परीक्षेचें काम असल्यामुळें आम्हांस जातां आलें नाहीं. या वेळीं तिकिटें बरोबर तारखेचीं होतीं, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचलेलें होतें, आणि ते पहिल्या शर्यतीच्या आधीं तासभर मैदानावर हजर होते. पाकीट मात्र त्यांनीं कोणाजवळ ठेवलें नाहीं. ठेवण्याचें कारणच त्यांस दिसेना. त्यांत किती होतें आणि काय झालें तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. निळी वही वहिनींनीं बंबांत घातली, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

त्यानंतर आठवड्यानें वहिनी आमच्या घरीं आल्या. रागावल्या नव्हत्या. थोडा वेळ बसल्या, आणि जातांना दाराशीं थांबून म्हणाल्या, “भावजी, गेल्या वर्षीं तुम्हीं तें पाकीट दिलें नसतेंत तर?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. दिलें नसतें तर स्नेही कदाचित् आमच्याशीं वर्षभर बोलले नसते, आणि कदाचित् दुसऱ्या वर्षीं तसेच गेले असते. शक्यता मोजूं लागलें म्हणजे पास्कलचेंही बळ पुरें पडत नाहीं. आम्हांस लाज वाटली हें खरें. परंतु वहिनी गेल्यावर ध्यानांत आलें तें असें कीं, आमच्या वचनभंगांत त्या दिवशीं नवीन कांहींच घडलें नव्हतें. घोडा जिंकला तेव्हां तो जेवढा होता तेवढाच आतांही होता. मग मधल्या साऱ्या वर्षांत ती लाज कोठें होती? ज्या लाजेनें वहिनींच्या घरचा चहा घेतांना आमचा हात थरथरावयास हवा होता, ती दुसऱ्याचें नुकसान होईपर्यंत आमच्या दारीं आलीच नाहीं. आम्हांस वाटतें, आमचा मोठा अपराध हाच.